मामा, कडी लावून घ्या

दोरे बनवणाऱ्या कारखान्याच्या फाटकाशी एक काचेची खोली होती आणि त्या खोलीत गेली एकोणीस वर्षं पासबाई बसत होती. आत येणाऱ्याला पास द्यायचा, बाहेर जाणाऱ्याकडून तो परत घ्यायचा, एवढंच काम. पण एवढंच काम माणसानं एकोणीस वर्षं चोख केलं की त्याचा दरारा होतो. एकदा नवे मोठे साहेब स्वतःचा पास घरी विसरून आले. "मला ओळखत नाही का तुम्ही?" त्यांनी विचारलं. "ओळखते ना साहेब," ती म्हणाली, "पण माझ्या ओळखीवर फाटक उघडत नाही." साहेब वीस मिनिटं उन्हात उभे राहिले, घरून पास आला, मग आत गेले. त्या दिवसापासून कारखान्यात तिचं खरं नाव कुणी घेतलं नाही.

दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, जिच्या फाटकातून परवानगीशिवाय मांजर आत जात नसे, तिच्या स्वतःच्या घराचं दार म्हणजे नुसती एक समजूत होती. दोन फळ्या, एक कोयंडा आणि त्याला लटकणारं पितळी कुलूप. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर. समोर काकूंचं दार, मध्ये जिन्याचा चार पावलांचा चौक. आठ महिन्यांपूर्वी आई न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण पाय काही आईच्या ताब्यात परत आले नाहीत. तेव्हापासून ती बाहेरच्या खोलीत, भिंतीकडच्या खाटेवर. दिवसभराचं माणूस ठेवायचं तर पासबाईचा अर्धा पगार त्या माणसाच्या हातावर ठेवावा लागला असता आणि उरलेल्या अर्ध्यात मायलेकींनी हवा खाल्ली असती. म्हणून सकाळी आईचं सगळं उरकायचं, उशाशी पाणी ठेवायचं, बाहेरून कुलूप घालायचं. दुपारी साडेबाराला धापा टाकत यायचं, भरवायचं, कूस बदलून द्यायची, परत कुलूप. संध्याकाळी साडेसहाला घरी. सात वाजता आईची हृदयाची गोळी. ती एक वेळही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलेलं.

हे गाडं चाललं असतं. पण त्या महिन्यात गल्लीत चार घरफोड्या झाल्या. चारही भरदिवसा, अकरा ते चारच्या दरम्यान, चारही कुलूप लावलेल्या घरांत. तिसऱ्या घरात एक आजोबा होते. घरची माणसं त्यांना आत ठेवून, बाहेरून कुलूप लावून कामाला गेली होती. चोरानं त्यांच्या तोंडात टॉवेल कोंबला आणि आपलं काम सावकाश केलं. आजोबा वाचले. पण त्या दिवसापासून ते बोलत नव्हते, दाराकडे बघत बसत होते.

पासबाईनं ही हकिकत ऐकली आणि त्याच संध्याकाळी किल्लीवाल्याला घरी घेऊन आली.

किल्लीवाल्यानं दार मागेपुढे हलवून पाहिलं, कोयंड्याला बोट लावलं आणि आजारी माणसाची नाडी बघून वैद्य जशी मान हलवतो तशी हलवली. "लोखंडी जाळीचं दार बसवा. बाहेरून एक, आतून हे."

"किती?"

त्यानं आकडा सांगितला. पासबाईनं पर्स अजून उघडलीही नव्हती, तरी ती काखेत घट्ट धरली.

"माझ्याकडे दीड हजार आहेत."

"दीड हजारात, बाई, मी फार तर दारावर चिठ्ठी लिहून देईन, कृपया चोरी करू नये म्हणून."

खाटेवरून आई हसली. "अक्षर तरी चांगलं आहे का तुमचं?"

किल्लीवाला खुलला. असल्या घरात त्याला बसायला आवडत असावं, कारण त्यानं पिशवी खाली ठेवली. "खरं सांगू का? चोर कुलूप फोडतो हे खोटं. चोर आधी कुलूप वाचतो. बाहेर कुलूप लटकतंय म्हणजे घरात कुणी नाही, अशी पाटीच लावलीत तुम्ही. खटक्याचं कुलूप घ्या. दार ओढलं की आपोआप लागतं, बाहेरून किल्लीनं उघडतं, लटकत काही नाही. माझ्याकडे एक जुनं आहे, सातशेत बसवून देतो. आणि आतून जाड कडी, दोनशे."

"आतली कडी लावणार कोण? आई उठत नाही."

"रात्री तुम्ही लावा. दिवसा..." त्यानं एक स्क्रू ओठांत धरला, त्यामुळे पुढचं बोलणं दातांतून आलं. "दिवसा घरात बाप्या माणूस आहे असं वाटलं पाहिजे. माणसासारखं कुलूप नाही."

"माणूस कुठून आणू दीड हजारात?"

"सहाशे उरले ना? दिसेल एवढाच आणा."

तो चेष्टेनं बोलला आणि खटका बसवून निघून गेला. पण हिशेबी माणसापुढे चेष्टेतसुद्धा रक्कम उच्चारू नये. पासबाई रात्रभर सहाशे रुपयांचा माणूस जुळवत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती येताना एक पुडकं घेऊन आली. कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्याकडे कुणीतरी दुरुस्तीला टाकून परत न्यायला न आलेले बूट होते, काळे, रुंद, होडीएवढे, ते ऐंशीला. जुन्या कपड्यांच्या बाजारातून दोन सदरे आणि एक विजार. एक जाड काठी. गॅलरीत ठेवायला हात मोडलेली वेताची खुर्ची.

आईनं बूट पाहिले. "हे कुणाचे गं नांगर?"

"मामाचे."

"कुठल्या मामाचे? मला भाऊ कुठे होता?"

"आता झाला."

"पंचाहत्तराव्या वर्षी? माझ्या आईबापांना कळवलंस का?"

"चोरांना मामा बनवायचं तर घरात एक मामा नको?" पासबाई बूट दाराबाहेर मांडत म्हणाली. तिनं सगळा विचार केला होता. नवरा म्हणून सांगावं तर लोक लग्नाचा हिशेब विचारतील, भाडेकरू म्हणावं तर चारित्र्याचा. आईचा थोरला भाऊ म्हटलं की कुणाला काही विचारावंसं वाटत नाही. फार तर तो किती दिवस राहणार एवढं विचारतात, तेही कीव करून.

"थोरला का?"

"धाकट्याला कोण घाबरतं?"

"मग मला दादा म्हणावं लागेल," आई म्हणाली. ती एकुलती एक वाढलेली. थोडा वेळ ती छताकडे बघत होती. मग "दादा," असं एकदाच म्हणाली, मीठ बरोबर आहे का ते बघावं तसं.

दुसऱ्या सकाळपासून नेम सुरू झाला. बूट दाराबाहेर, पण रोज थोडे वेगळे. कधी जोडून, कधी एक आडवा. एक सदरा भिजवून, पिळून गॅलरीतल्या दोरीवर. काठी कठड्याला टेकलेली. रेडिओ बातम्यांवर, कारण बायका एकट्या असल्या की बातम्या लावत नाहीत असा पासबाईचा अनुभव होता. आणि निघताना चौकात उभं राहून, तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात:

"मामा, येते हो मी! कडी लावून घ्या!"

मग दार ओढायचं. खटका लागायचा. टक्.

पहिले तीन दिवस तिला आपलं आपल्यालाच हसू आलं. चौथ्या दिवशी ती ते वाक्य सहज म्हणाली.

आठवडाभरात समोरच्या काकूंनी तिला जिन्यात गाठलं. "ताई, तुमचे मामा अगदीच अबोल हो. दोनदा हाक मारली मी."

"ऐकू कमी येतं त्यांना."

"असं होय? पण खोकला फार वाईट आहे. दुपारी दीडला सुरू होतो तो दोनपर्यंत. गरम पाणी देत जा प्यायला."

पासबाई मनात इतकी खूश झाली, की पुढच्या दोन पायऱ्या तिनं एकदम उतरल्या. लोकांना बूट दाखवावेत, पाय ते स्वतःच बसवतात. आणि वर खोकला फुकट! रेडिओवर दुपारची नाटकं असतात, त्यात कुणी ना कुणी खोकतंच. तिनं तसं स्वतःला सांगितलं. घरचा रेडिओ दुपारभर बातम्यांवर असतो, हे तिच्या लक्षात कारखान्याच्या फाटकापर्यंत आलं नाही, आणि आलं तेव्हा एक मालट्रक पाससाठी थांबला होता.

तिसऱ्या आठवड्यात दोरीवरचा सदरा भिजवताना तिला कॉलरच्या आत घामाची पिवळी रेघ दिसली. जुना कपडा आहे, जुना डाग वर येतो. तिनं साबण घासला, ब्रश मारला, रेघ गेली. दोन दिवसांनी परत आली. सदऱ्याला आता एक वासही होता, भिजून वाळलेल्या पोत्यासारखा. रोज धुतला जाणारा कपडा रोज मळत होता. पासबाईनं त्या दिवसापासून दोन्ही सदरे आलटून पालटून धुवायला काढले. नीट पाहिलं तर हे तिनं केलेलं पहिलं कबूल करणं होतं, पण तिला ते फक्त टापटीप वाटलं.

मग एका दुपारी ती घरी आली तर आई दाराकडे तोंड करून निजलेली.

सकाळी तिनं तिला भिंतीकडे तोंड करून निजवलं होतं. त्यात चूक शक्य नव्हती. भिंतीकडची कूस सकाळची, दाराकडची दुपारनंतरची, हे आठ महिने ठरलेलं होतं.

"आई, कूस कशी बदललीस?"

"दादानं बदलून दिली."

पासबाई हसली. हसायला थोडा उशीर झाला.

"हसतेस काय? तुझ्यापेक्षा हलका हात आहे त्याचा. तू पोतं उलथवल्यासारखं उलथवतेस."

"आणि काय करतो तुझा दादा?"

"बसतो. बोलतो थोडं. तू लहानपणी रडायचीस ते सगळं विचारत होता. त्याला काहीच माहीत नाही गं आपल्या घरातलं. सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. तू कशी बोलतेस, कशी चालतेस, काय म्हणतेस निघताना. फार मन लावून ऐकतो."

म्हातारपण, पासबाईनं मनाशी म्हटलं. एकटेपण. ताटलीत भात कालवताना तिचा हात जरा जोरात चालला.

पण पुढच्या आठवड्यात डॉक्टर आले. त्यांनी आईची पाठ पाहिली. पडून पडून झालेली तिथली चार महिन्यांची जखम सुकून गुलाबी झाली होती. "फार छान ठेवलंय तुम्ही," ते म्हणाले. "दोन-दोन तासांनी वळवताय ना?"

"हो," पासबाई म्हणाली. सरकारी, निमसरकारी, कुठल्याही अधिकारी माणसाशी खोटं बोलण्याची तिची ती पहिली वेळ होती.

त्याच सुमारास कडीचं सुरू झालं. सकाळी तिनं नेहमीसारखं ओरडून सांगितलं, दार ओढलं, खटका लागला. ती तिसऱ्या पायरीवर होती तेव्हा मागून आवाज आला. लोखंडावर लोखंड, सावकाश, शेवटी एक छोटा ठोका.

ती कठडा धरून उभी राहिली. मग वर गेली, किल्ली लावली. दार सहज उघडलं. कडी मागे ओढलेली होती, स्वच्छ, तेल दिल्यासारखी. गॅलरीत खुर्ची, दोरीवर सदरा, स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटलेलं. ती त्या दारापर्यंत गेली नाही.

"काय विसरलीस?" आईनं विचारलं.

"काही नाही."

त्यानंतर तो आवाज रोज येऊ लागला. ती निघाली की कडी लागायची. दुपारी ती जिन्याच्या शेवटच्या वळणावर आली, की तिची पावलं ओळखल्यासारखी निघायची. संध्याकाळीही तसंच. तिनं दिवसभर घरात न राहता आपलं घर इतकं सुरक्षित कधी अनुभवलं नव्हतं. भीती वाटत नव्हती असं नाही. वाटत होती, पण तिनं ती एका बाजूला मांडली, आणि दुसऱ्या बाजूला आईची भरलेली पाठ, आईचा हसरा चेहरा, चोरांनी टाळलेलं दार. फुकट मिळतंय त्याची पावती मागू नये, असा तिचा जुना नियम होता.

दुसरा महिना संपताना कारखान्याच्या फाटकाशी एक हवालदार आला. त्याला आत जायचं नव्हतं, पासबाईचीच भेट हवी होती. तरी तिनं त्याचं नाव नोंदवून घेतलं.

"घरफोड्या करणारा सापडला," तो काचेच्या फटीतून म्हणाला. "तुमच्याकडे काही गेलं नाही, म्हणून तक्रार नाही. पण तो तुमचं दार सांगतो. म्हणतो, खटका तारेनं काढला मी. ढकललं तर आतून कडी. म्हणून परत फिरलो."

"बरोबर आहे. मामा लावून घेतात."

"पुढचं ऐका. म्हणतो, दोन पायऱ्या उतरलो तर मागे कडी निघाली. दार चार बोटं उघडलं. आणि आतून कुणी म्हणालं, या. आत या. बसा." हवालदाराला हसू आवरेना. "म्हणतो, साहेब, वीस वर्षं हा धंदा करतोय, मला बसा कुणी म्हटलं नव्हतं."

"मग?"

"मग काय, वाकून बघितलं म्हणे आत. आणि जो पळाला तो जिन्यावरून कोसळला, हात मोडला, म्हणून तर दवाखान्यात सापडला." हवालदाराचं हसू जरा ओसरलं. "आत काय दिसलं ते मात्र सांगत नाही. आम्ही बरंच विचारलं. कोठडीत दाराकडे पाठ करून बसत नाही तो. असो. मामांना सांगा, भलते पाहुणचार नकोत. असं कुणालाही दार उघडू नका म्हणावं."

"सांगते," पासबाई म्हणाली.

दुसऱ्या एखाद्या बाईनं त्या दिवशी आईला उचलून घर सोडलं असतं. पासबाईला राग आला. तिनं एकोणीस वर्षांत दोन पहारेकरी काढून टाकायला लावले होते, दोघेही याच कारणानं: कुणासाठी हे न बघता फाटक उघडलं. घरात कोण आहे, हा प्रश्न तिनं दोन महिने बाजूला ठेवला होता. पण पहाऱ्यावरच्या माणसानं चोराला आत बोलवावं? खाटेवर आई असताना? त्या आजोबांच्या तोंडातला टॉवेल तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओरडली नाही. दार लावून घेऊन आतच उभी राहिली. वेताची खुर्ची गॅलरीत असायची. आज ती खाटेजवळ होती. तिथे ती तिनं आणून ठेवलेली नव्हती. खुर्चीकडे तोंड करून, फाटकावरच्या नव्या पहारेकऱ्याला सांगायची त्या आवाजात ती बोलली.

"मामा, आजपासून एक नियम. कडी काढायची नाही. कुणी ओळख सांगो, रडो, माझं नाव घेवो. मीच आहे म्हणाली तरी नाही. माझ्याकडे किल्ली आहे, मी दार कधी वाजवत नाही. जी वाजवेल ती मी नाही."

"किती बोलतेस गं!" आई म्हणाली. "कळतं दादाला."

खुर्ची किंचित करकरली. बसलेला माणूस मान हलवतो तेव्हा करकरते, तेवढीच.

त्या दिवशी कारखान्यात वरून तपासणी होती आणि दुपारी घरी येणं जमणार नव्हतं. तिनं आईच्या उशाशी डबा उघडून ठेवला. गोळ्यांचं पाकीट रिकामं झालेलं पाहिलं, संध्याकाळी येताना नवं आणायचं असं दोनदा मनात म्हटलं, आणि दार ओढलं. तिसऱ्या पायरीवर मागे कडी लागली. आज जरा जोरात.

तपासणी लांबली. औषधाच्या दुकानात रांग होती. ती गल्लीत शिरली तेव्हा सहा चाळीस झाले होते. अजून उजेड होता. मुलं सायकली फिरवत होती. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी फोडणी घातली होती.

जिन्याच्या शेवटच्या वळणावर ती सवयीनं जराशी थांबली.

कडीचा आवाज आला नाही.

तिनं किल्ली लावली. खटका सुटला. दार हललं नाही. तिनं खांदा लावला. दार वरच्या बाजूला अर्धा इंच हललं आणि मध्यभागी अडलं, जिथे कडी होती तिथे. त्या कडीला बाहेरून किल्ली नव्हती. दोनशे रुपयांची, फक्त आतून लावायची. कित्येक दिवस तिच्या पावलांवर ती निघत होती, आणि कुणासाठीही काढायची नाही असं तिनंच सकाळी सांगितलं होतं.

तिचा हात दार ठोठावायला वर गेला आणि हवेतच राहिला.

"आई," तिनं फटीशी तोंड नेऊन हळू हाक मारली. आत रेडिओ चालू होता. बातम्या.

मागे समोरचं दार उघडलं. काकू कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आल्या. "काय ताई, बाहेर का उभ्या?"

"कडी लागलीय आतून."

"मग हाक मारा ना मामांना." काकू दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. "पण तुम्ही तर मघाशीच आलात ना? सहाला वगैरे. मला आवाज आला तुमचा आतून. मी यांना म्हटलंसुद्धा, आज ताई लवकर आल्या, बरं झालं."

"रेडिओ असेल."

"असेल," काकू म्हणाल्या, आणि खाली जाईपर्यंत दोनदा मागे वळून बघितलं.

सहा पन्नास. पासबाईनं पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून हातात धरलं, जणू ते दाखवून आत जाता येणार होतं. पाच मिनिटं ती तशीच उभी राहिली. खाली जाऊन किल्लीवाल्याला आणावं, तर तो सातला पोचणार नाही. गॅलरीला शिडी लागत नाही. आत आई आहे, आईला सातला गोळी हवी, आणि मध्ये बोटभर जाडीचं लोखंड आहे.

सहा सत्तावन्नला तिनं दार वाजवलं.

रेडिओ बंद झाला.

आत पावलं वाजली. जड, सावकाश, दारापर्यंत येऊन थांबलेली.

"कोण?" आवाज म्हातारा होता, सौम्य होता.

"मी."

कडी हलली नाही.

"मी आहे, मामा." हा शब्द तिनं पहिल्यांदाच विनवणी म्हणून वापरला. "कडी काढा. आईची गोळी माझ्याकडे आहे."

"किल्ली?"

"आहे. किल्ली आहे हो. कडी लावलीय तुम्ही, किल्लीनं कशी निघेल?"

"तिनं सांगून ठेवलंय," आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता, कुचेष्टा नव्हती. काम चोख करणाऱ्या माणसाचा आवाज होता तो.

तिनं दोन्ही तळहातांनी दार बडवलं. "आई! आई, मी आहे!"

"कोण आहे रे दादा?" आईचा आवाज. खाटेवरून नव्हता, त्याहून जवळून होता. बसलेल्या माणसाचा.

"वाजवणारी आहे कुणीतरी."

"अगबाई," आई म्हणाली. "काय बाई दिवस आलेत. उघडू नकोस हं. गोळी हिनं दिलीच मला, आपली माणसं सगळी घरात आहेत, मग झालं."

पासबाईच्या हातातलं पाकीट चुरगळलं.

पावलं दारापासून दूर गेली. स्वयंपाकघरात नळ सुटला आणि बंद झाला. तिनं कान फळीला लावला. आत कुणीतरी जेवणाची ताटं मांडत होतं. जमिनीवर एक ताट ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरं.

मग, जरा सरकवून जागा करत, तिसरं.